लिनक्स : घरगुती संगणकाचे संरक्षण

घरच्या लिनक्स संगणकासाठी फायरवॉल वेगळी विकत घ्यावी लागत नाही. जाळ्यावरून येणारे-जाणारे प्रत्येक पॅकेट तपासणारी नेटफिल्टर ही यंत्रणा कर्नलमध्येच असते. रस्टी रसेल यांनी १९९८ मध्ये तिचे काम सुरू केले; २००१ च्या २.४ कर्नलपासून ती लिनक्सचा भाग आहे. तिचे नियम आयपीटेबल्सने आणि पुढे एनएफटेबल्सने लिहिले जाऊ लागले. ते हाताने लिहिणे किचकट, म्हणून २००८ मध्ये उबुंटूत यूएफडब्ल्यू हे सोपे साधन आले.

गंमत म्हणजे उबुंटूत ते बसवलेले असते, पण बंद. टर्मिनलमध्ये 'सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस' टाकले की 'इनॲक्टिव्ह' असे उत्तर येते आणि नवख्याच्या पोटात गोळा येतो. एवढे घाबरायचे कारण नाही. घरचा राउटर आडोसा देतोच, शिवाय साध्या डेस्कटॉपवर बाहेरच्यांना ओ देणाऱ्या सेवा मोजक्याच असतात. पण मोजक्या म्हणजे शून्य नव्हे. सप्टेंबर २०२४ मध्ये छपाईच्या कप्स प्रणालीत गंभीर दोष सापडले, तेव्हा अनेक संगणकांवर तिच्या एका सेवेसाठी यूडीपी ६३१ हे पोर्ट उघडे होते. 'सुडो यूएफडब्ल्यू एनेबल' केले की बाहेरून सुरू होणाऱ्या जोडण्या अडतात, आपण सुरू केलेल्या चालू राहतात. वसतिगृहाच्या किंवा स्टेशनच्या वायफायवर लॅपटॉप उघडणाऱ्याने तर हे करावेच. एसएसएचने दुरून काम करणाऱ्याने मात्र आधी 'अलाउ एसएसएच' द्यावे; नाहीतर पुढच्या वेळी स्वतःच दाराबाहेर!

अँटिव्हायरसची गरज त्यामानाने कमी. टॉमाश कोयम यांनी सुरू केलेले आणि आता सिस्कोकडे असलेले क्लॅमएव्ही फुकट मिळते. फ्रेशक्लॅम त्याची ओळखयादी ताजी ठेवते. त्या यादीत विंडोजच्या व्हायरसांचाच भरणा. झेरॉक्सच्या दुकानातून परत आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसू लागतात. ते लिनक्सवर निपचित पडून राहतात, पण पुढे भावाच्या विंडोजला लागतात. असा पेनड्राइव्ह पुढे देण्यापूर्वी क्लॅमएव्हीचे क्लॅमस्कॅन चालवावे.

खरा धोका सॉफ्टवेअर कुठून घेतले यात असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात शिरून चोरट्यांनी डाउनलोडचा दुवा चोरवाट दडवलेल्या प्रतीकडे वळवला. २०२४ मध्ये एक्सझेड या संक्षेपण-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतही चोरवाट निघाली. ती अँटिव्हायरसने पकडली नाही. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे अँड्रेस फ्रॉइंड नावाचे अभियंते शोधत बसले, म्हणून सापडली.