मेणातल्या गाठीचा मागोवा

रेणापूरहून मेंदूच्या गाठीचा पेशंट मुंबईला टाटा हॉस्पिटलला न्यायचा असला, की घरचे लातूरला रात्रीची गाडी धरतात. फायलीइतकीच जपायची असते एक छोटीशी वडी. डॉक्टर तिला 'ब्लॉक' म्हणतात. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा तिच्यात मेणात बसवलेला असतो, खाली लॅबचा नंबर. कुणाला कोणतं औषध लागू पडेल, याचा माग या वडीतच लागतो.

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची सगळ्यात आक्रमक गाठ. 1970 च्या दशकात तिच्यावर कारमुस्टिन देत. डोस ठरायचा उंची-वजनावरून. गाठीला कुणी काही विचारत नव्हतं. 1980 च्या दशकात बर्मिंगहॅमच्या अ‍ॅस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने टेमोझोलोमाइड तयार केलं. हे औषध कॅप्सूलमधून घेता येतं आणि रक्तातून मेंदूपर्यंत पोचतं. 2005 मध्ये रॉजर स्टुप यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात 573 पेशंटांवरचा अभ्यास मांडला. नुसत्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, दोन वर्षं जगणारे शंभरात 10 होते. जोडीला ही कॅप्सूल दिल्यावर ते 26 झाले.

मग बाकीच्यांचं काय? त्याच अंकात मोनिका हेगी यांनी उत्तर दिलं. हे औषध गाठीच्या पेशींचा डीएनए बिघडवतं आणि एमजीएमटी नावाचं प्रथिन तो बिघाड दुरुस्त करतं. काही गाठींत या प्रथिनाचं जनुक मिथिलेशन नावाच्या रासायनिक बदलामुळे बंद पडलेलं असतं, म्हणून दुरुस्ती होत नाही. अशा पेशंटांत कॅप्सूल आणि शेक घेऊन दोन वर्षं जगलेले 46 टक्के होते. जनुक चालू असलेल्यांत 14 टक्क्यांच्या आसपास.

गाठ बरी होते, असं कुणी म्हणू नये. तरुण पेशंटाला, वडीवरून केलेल्या एमजीएमटीच्या तपासणीचा रिपोर्ट कसाही आला तरी, बहुधा कॅप्सूल देतातच, कारण दुसरं चांगलं औषध हाताशी नाही. खरा फरक पडतो म्हाताऱ्या माणसांत. जर्मनी आणि नॉर्डिक देशांतल्या 2012 च्या अभ्यासांत दिसलं, की जनुक बंद असेल तर वयस्कर पेशंटाला शेकाऐवजी नुसती कॅप्सूलही चालते. रेणापूरच्या सत्तरीतल्या आजोबांसाठी ही मोठी गोष्ट आहे. शेकासाठी परक्या शहरात आठवडेच्या आठवडे खोली घेऊन राहायचं, की रिकाम्या पोटी गोळी घेऊन, ठरल्या दिवशी रक्त तपासून आपल्या घरी राहायचं, हे त्या रिपोर्टवरून ठरू शकतं.

म्हणून ऑपरेशन झालं की ब्लॉक मागून घ्या, आणि एमजीएमटीचा रिपोर्ट आला का, हे डॉक्टरांना नक्की विचारा.