स्क्रीन स्नॅपशॉट्स

हॉलिवूडच्या नटनट्यांचे पडद्याबाहेरचे जीवन दाखवणारी अमेरिकन लघुपटमालिका. जॅक कोन व लुई लेविन यांनी ती १९२० मध्ये सुरू केली. जॅक, त्याचा भाऊ हॅरी आणि जो ब्रँट यांच्या छोट्या कंपनीचे १९२४ मध्ये ‘कोलंबिया पिक्चर्स’ असे नामांतर झाले. मालिका तिच्याकडे १९५८ पर्यंत चालली. प्रत्येक भाग एका रिळाचा, सुमारे दहा मिनिटांचा असून मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवला जाई. खेळाची मैदाने, मेजवान्या, धर्मादाय कार्यक्रम, ताऱ्यांची घरे असे त्याचे विषय असत. हा घरगुतीपणा बराचसा प्रसिद्धीसाठी मांडलेला होता, हे पाहताना जाणवते. तरीही मूकपटकाळातील अनेक कलावंतांचे सहज हावभाव आज अशाच चित्रणांतून दिसतात, आणि मालिकेचे खरे मोल तेच आहे. १९३० च्या दशकात तिचे दिग्दर्शन हॅरिएट पार्सन्स हिने केले. चित्रपटवार्तांची प्रसिद्ध स्तंभलेखिका लुएला पार्सन्स हिची ती मुलगी. स्त्रियांना दिग्दर्शनाची संधी क्वचितच देणाऱ्या त्या काळात तिचे हे काम विशेष उल्लेखनीय ठरते. १९४० पासून राल्फ स्टाउब याने सूत्रे सांभाळली. अखेरच्या वर्षांतील अनेक भाग जुन्या चित्रणांची जुळवणी करून तयार केले गेले.