शिळे, टिकाऊ आणि गोठवलेले

मंडळी, गेल्या श्रावणात आमच्या घरी एक लहानसा वाद झाला. माझी पत्नी शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी सहाला ती घरी येते आणि पदर खोचून ओट्याशी उभी राहते. त्या दिवशी तिने फ्रीझरमधली गोठवलेल्या मटारची पिशवी काढली आणि उसळ फोडणीला टाकली. आईने विचारले, "हे मटार कधीचे गं?" ती म्हणाली, "पौष-माघातले असतील." आई म्हणाली, "म्हणजे सहा महिन्यांचे! मग हे शिळं नाही का?" त्यावर पत्नी हळूच म्हणाली, "आई, तुम्ही घातलेले सांडगे तर गेल्या वैशाखातले आहेत. ते शिळे नाहीत ना?"

आई काही बोलली नाही. पण त्या रात्री तिने उसळ खाल्ली नाही. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला अशा वेळी दोन्ही बाजू साक्षीला ओढतात. तेव्हा तोंडातल्या तोंडात जे पुटपुटलो, तेच आज तुमच्यापुढे नीट मांडतो.

पहिली गोष्ट अशी की आपली भाषा या बाबतीत फार शहाणी आहे. कालची भाजी आपल्याला शिळी; पण वर्षाचा पापड, दोन वर्षांचे लोणचे, मागच्या उन्हाळ्यातले आमसूल यांना कोणी शिळे म्हणत नाही. म्हणजे शिळेपणा नुसत्या दिवसांवर मोजत नाहीत. अन्न नासते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या जंतूंमुळे, आणि त्या भाजीच्या अंगच्या काही द्रव्यांमुळे, ज्यांना शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात. या दोघांना काम करायला ओल लागते आणि ऊब लागते. ओल काढून घेतली की झाला सांडगा, झाली कुरडई, झाले कोकणातले सुके बोंबील. मिठाने किंवा साखरेने तीच ओल बांधून टाकली की झाले लोणचे, झाला मुरांबा. उरली ऊब. ती काढून घेण्याचा उपाय मात्र आपल्या उष्ण देशात हाती नव्हता. जिथे बर्फ पडतो तिथल्या माणसाला तो फुकट मिळाला.

आता बघा, अन्न टिकवण्याच्या प्रत्येक युक्तीमागे काही ना काही अडचण उभी असते. फ्रान्सच्या सैन्याला आणि आरमाराला लांबच्या मोहिमांत न नासणारे अन्न हवे होते. निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने अन्न काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली. ती सर्वांसाठी छापून प्रसिद्ध करावी म्हणून १८१० साली सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. मौज अशी की अन्न का टिकते हे खुद्द अपेरला ठाऊक नव्हते. ते लुई पाश्चरने पुढे पन्नास वर्षांनी उलगडले. आजचा डबाबंद पदार्थ हा त्याच बरणीचा वंशज.

थंडीचा व्यापार सुरू केला अमेरिकेतल्या बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतून बर्फाच्या लाद्या कापायच्या, लाकडाच्या भुशात बांधायच्या आणि गरम देशांना विकायच्या. १८३३ साली त्याचे जहाज १८० टन बर्फ घेऊन निघाले आणि चार महिन्यांनी कलकत्त्याला लागले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता! पुढच्याच वर्षी असा बर्फ आपल्या मुंबईतही उतरला. जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम दिले, आणि नंतर यजमानाला व पाहुण्यांना सर्दी झाली, अशी बातमी तेव्हाच्या पत्रात छापून आली. नव्या अन्नाबद्दलचा संशय आमच्या आईपासून सुरू झालेला नाही, एवढे यावरून दिसते.

पुढे यंत्राने थंडी निर्माण होऊ लागली. १८८२ च्या फेब्रुवारीत 'डनेडिन' नावाचे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले. आत मुख्यतः मेंढ्यांचे, असे सुमारे पाच हजार जनावरांचे मांस. उष्ण कटिबंधात आल्यावर थंड हवा सगळीकडे पोचेना. तेव्हा कप्तान स्वतः त्या थंडगार कोठ्यात सरपटत शिरला, हवेसाठी जादा भोके पाडली, आणि थंडीने इतका गारठला की त्याच्या पायाला दोर बांधून त्याला बाहेर ओढावे लागले. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोचले. सगळ्या मालात एकच नग टाकून द्यावा लागला.

पण गोठवलेल्या मांसाला अन् मासळीला चव राहत नाही ही तक्रार कायम होती. तिचे उत्तर क्लेरेन्स बर्ड्‌साय या अमेरिकन गृहस्थाला सापडले. १९१२ पासून काही वर्षे तो कॅनडाच्या लॅब्राडोर भागात राहिला. तिथले इन्युइट लोक बर्फाला भोक पाडून मासे धरीत. शून्याखाली चाळीस अंशांच्या त्या वाऱ्यात मासा बाहेर काढताच दगडासारखा कडक होई आणि कित्येक महिन्यांनी शिजवला तरी ताज्यासारखा लागे. बर्ड्‌सायने यातले मर्म ओळखले: महत्त्व नुसत्या थंडीला नाही, गोठण्याच्या वेगाला आहे. अन्न सावकाश गोठले तर आतल्या पाण्याचे मोठे, टोकदार स्फटिक होतात, ते पेशी फाडतात, आणि वितळल्यावर रस गळून जातो. झटकन गोठले तर स्फटिक बारीक होतात आणि पेशी शाबूत राहतात. श्रेय बर्ड्‌सायच्या नावावर जमा झाले. पण धडा त्या मासेमाऱ्यांचा होता, हे विसरू नये.

शिक्षक बंधू-भगिनींनो, हे वर्गात सहज दाखवता येईल. टोमॅटोची एक फोड घरच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या खणात रात्रभर ठेवा आणि सकाळी बशीत काढा. थोड्या वेळात ती मऊ पडेल आणि बशीत पाणी सुटेल. घरचा खण सावकाश गोठवतो, म्हणून असे होते. मुले हे पुस्तकापेक्षा लवकर समजतील.

बर्ड्‌सायने थंडगार धातूच्या पट्ट्यांमध्ये अन्न दाबून गोठवण्याचे यंत्र बनवले. १९२९ साली त्याचा उद्योग २ कोटी २० लाख डॉलरांना विकला गेला, आणि ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्‌समधल्या स्प्रिंगफील्ड गावी १८ दुकानांत गोठवलेल्या मांस, मासळी, भाज्या आणि फळांची विक्री सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याचे डबे मिळेनासे झाले, तेव्हा या मालाला आणखी चालना मिळाली.

इथवर गोठवला जात होता तो जिन्नस: मटार, मासा, पालक. स्वयंपाक घरीच होत होता. खरे वळण आले १९५४ च्या सुमारास. स्वॉन्सन या अमेरिकन कंपनीने अॅल्युमिनियमच्या खणाखणांच्या ताटलीत टर्की पक्ष्याचे मांस, रताळी आणि मटार असे शिजवलेले जेवणच गोठवून विकायला काढले. नाव 'टीव्ही डिनर', किंमत ९८ सेंट. भट्टीत २५ मिनिटे ठेवायचे की पान तयार. १९५४ या एका वर्षात अशा एक कोटी ताटल्या खपल्या. नोकरीवरून उशिरा येणाऱ्या बायकांना ती मोठीच सोय झाली. आणि असे सांगतात, की "आमच्या बायकांनी आमच्या आईसारखा स्वयंपाक करावा" अशी रागाची पत्रे काही पुरुषांनी कंपनीला लिहिली. त्या पत्रांत, आपल्या आईच्या मदतीला आपण कधी गेलो होतो काय, याचा उल्लेख होता की नाही कोण जाणे!

मंडळी, वादाची गाठ इथे आहे. "गोठवलेले चांगले की घरचे?" हा प्रश्नच थोडा चुकतो. विचारायचे असे: गोठवले काय? जिन्नस, की स्वयंपाक?

जिन्नसाची गोष्ट आधी घेऊ. मटार तोडल्यावर त्यांतले क जीवनसत्त्व तासातासाला कमी होत जाते. मळ्यातून बाजार, बाजारातून टोपली, टोपलीतून घर, असा तीन-चार दिवसांचा प्रवास केलेला मटार नावाचाच ताजा. कारखान्यात मटार तोडल्यावर लवकरच उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात. त्या उकळण्यात थोडे क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वे जातात हे खरे. पण पुढची घट फार मंदावते. म्हणून गोठवलेली भाजी पोषणात बाजारच्या भाजीच्या तोडीस तोड उतरते. आणि आपल्या वाळवणाची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी: कडक उन्हात क जीवनसत्त्व बरेचसे जाते, अ जीवनसत्त्व देणारे द्रव्यही घटते. सांडगा चवीला राजा, पण ताज्या भाजीची जागा तो घेणार नाही. परसातली आता खुडलेली मेथी मात्र सगळ्यांना मागे टाकते. खेड्यातल्या माणसाची ही श्रीमंती आहे, ती त्याने ओळखावी.

तयार गोठवलेल्या जेवणाची गोष्ट वेगळी. तिथे मीठ किती, तेल कुठले आणि किती, हे आपल्या हातात राहत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. तयार पदार्थांत चवीसाठी मीठ आणि स्निग्धांश पुष्कळदा सढळ असतो. अडीनडीला खाल्ले तर बिघडत नाही. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलींना गणपतीत गोठवलेले मोदक मिळतात, त्यांच्या त्या आनंदाला मी नावे ठेवणार नाही. रोजचे पान मात्र दुसऱ्याच्या हवाली करू नये.

आणखी एक सावधगिरी. थंडीने जंतू मरत नाहीत, झोपतात. फ्रीझर शून्याखाली १८ अंशांवर असावा लागतो. आपल्याकडे वीज जाते. अशा वेळी दार उघडू नये. वितळून बराच वेळ उबेत राहिलेले अन्न पुन्हा गोठवू नये, सरळ टाकून द्यावे. दुकानातली पिशवी हाताला एकसंध ढेकळासारखी लागली, तर ती मध्येच वितळून पुन्हा गोठली असण्याचा संभव आहे, असे समजावे.

उरला प्रश्न वेळेचा, आणि तो पोषणापेक्षा लहान नाही. 'घरचे जेवण' म्हणताना आपण चव आठवतो. त्यामागे पहाटेपासून उभी असलेली बाई आठवत नाही. मटारची पिशवी तिचा सोलण्याचा अर्धा तास वाचवते. ती पिशवी नको असेल, तर तो अर्धा तास घरातल्या दुसऱ्या कोणीतरी द्यायला हवा.

यंदा पौषात मटार स्वस्त झाले, तेव्हा आईनेच पाच किलो आणायला सांगितले. दाणे उकळत्या पाण्यात दोन मिनिटे ठेवले, लगेच थंड पाण्यात टाकले, कापडावर कोरडे केले आणि ताटात पातळ पसरून फ्रीझरमध्ये ठेवले. पातळ पसरले की लवकर गोठतात. कडक झाल्यावर पिशव्यांत भरले. आई म्हणाली, "हे आपल्या घरचं वाळवणच झालं की." सोलायचे काम माझ्याकडे होते. दोन संध्याकाळी लागल्या.