ठराव आणि ओढ : पोलादपूरच्या वर-खाली, १९२७

१/ महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री डोंगर उतरून पोलादपूरला येते आणि पुढे महाडला जाते. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. १९२७ साली या घाटाच्या वर आणि खाली एकाच प्रश्नाशी झुंज चालू होती : पिढ्यान्‌पिढ्या वेगळी ठेवलेली माणसे एकत्र कशी येतील? #थ्रेड

२/ आधी खालची बाजू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून चालणारे पाणवठे व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. या यादीत शाळाही होती, हे सहसा विसरले जाते.

३/ १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठरावच मागे घेतला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला तो मार्च १९३७ मध्ये.

४/ शाळेचा अनुभव याहून निराळा नव्हता. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांचे नाव पटावर होते. बसायला मात्र वेगळे गोणपाट, आणि नळाला हात लावण्याची मनाई. प्रवेश मिळाला म्हणजे सहवास मिळतोच, असे नाही.

५/ आता घाटावर. भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जाती-धर्मांची मुले एकत्र राहत, राबत आणि एका पंगतीत जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले. चवदार तळ्याच्या घटनेला तेव्हा महिनाही उरला नव्हता.

६/ या पंगतीची सक्ती कोणी केली नव्हती. गरीब रयतेच्या मुलाला निवारा, अन्न आणि श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण अन्यत्र कुठे मिळणार? शिकण्याची ओढ मुलांना दारापर्यंत आणी. एकत्र जेवणे ही आत येण्याची अट होती.

७/ पुढे अमेरिकेलाही हाच पेच पडला. १९५४ च्या ब्राऊन खटल्याच्या निकालाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला. पण वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळाही वेगळ्याच राहिल्या. १९६८ मध्ये टॅकोमा शहरातील मॅकार्व्हर शाळा नव्या रूपात उघडली : अध्यापन इतके आकर्षक की दूरच्या वस्तीतील पालकांनी आपणहून मुले पाठवावीत. ‘मॅग्नेट स्कूल’ म्हणजेच चुंबकशाळा ही कल्पना तेथून रुजली. विज्ञान, कला, भाषा अशा विशेष विषयांच्या शाळा पुढे अनेक शहरांत निघाल्या.

८/ ओढीलाही मर्यादा असते. वसतिगृहात आणि चुंबकशाळेत जागा मोजक्याच. बाहेर राहिलेल्या मुलाचे काय? त्याच्यासाठी गावातल्या साध्या शाळेचे दार हक्काने उघडे असावे लागते, आणि तो हक्क ठरावाने व न्यायालयानेच मिळतो.

९/ म्हणून १९२७ च्या या दोन कथा एकत्र वाचाव्यात. महाडने हक्क मागितला, साताऱ्याने सहवास घडवला. नवी शाळा काढणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही प्रश्न विचारता येतात : दार कोणासाठी उघडे आहे? आणि आत गेल्यावर शेजारी कोण बसते? (समाप्त)