दुधाचे दात आणि इनामगावची बालदफने

'दुधाचे दात' हा शब्द मराठीत इतका रूढ आहे की त्याचा वाच्यार्थ सहसा तपासला जात नाही. दूध पिण्याच्या वयात उगवणारे ते दुधाचे दात, असा त्याचा सरळ अर्थ. परंतु त्यांच्यावरील कठीण कवचाची, म्हणजे दंतवल्काची, घडण दुधाच्या पहिल्या घोटापूर्वीच, गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होते. ज्या समाजाने एकही अक्षर लिहून ठेवले नाही, त्यातील माता व बालके यांच्याविषयीचा पुरावा म्हणूनच या दातांत शोधता येतो.

दंतवल्काची घडण दोन अवस्थांत होते. प्रथम विशिष्ट पेशी प्रथिनयुक्त मऊ द्रव्य थराथराने स्रवतात व त्यात खनिजाचे सूक्ष्म स्फटिक वाढू लागतात. पुढे प्रथिने व पाणी निघून जाते, स्फटिक जाड होतात आणि अखेर वजनाचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा होतो. दात वर येताना या पेशी नाहीशा होतात. त्यामुळे दंतवल्क हाडाप्रमाणे पुन्हा घडत नाही. घडणीच्या काळात पडलेला खळगा कायम राहतो. जन्मप्रसंगाचीही एक सूक्ष्म रेषा त्यात उमटते. आयझॅक शूर यांनी १९३६ साली तिचे वर्णन केले.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाच्या मध्यापासून सुमारे ७०० पर्यंत नांदलेली ही ताम्रपाषाणयुगीन वस्ती होय. तेथे मृत बालकांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत असत. त्यांच्या दुधाच्या सुळ्यांवरील खळग्यांचा अभ्यास जॉन लुकाच व सुभाष वाळिंबे यांनी १९९८ साली प्रसिद्ध केला. सुळ्याचे दंतवल्क गर्भात आरंभ पावून पहिल्या वर्षाच्या अखेरीस पुरे होते. त्यामुळे गर्भवास व स्तन्यपान हे दोन्ही काळ त्यात येतात. इ. स. पू. १००० नंतर हवामान व उपजीविका पालटल्याचे उत्खननकारांनी मानले होते. त्या पालटाची झळ तान्ह्या बालकांना कितपत लागली, हा प्रश्न या अभ्यासाने पुढे आणला.

या पुराव्याला मर्यादाही आहेत. खळग्यावरून आजाराचे नाव कळत नाही. शिवाय हे दात वाढून मोठ्या झालेल्यांचे नव्हेत, बालपणीच दगावलेल्यांचे आहेत. तथापि खळग्यानंतरचे दंतवल्क नीट घडलेले आढळले, तर ते बालक त्या संकटातून काही काळ तरी तगले होते, एवढे निश्चित म्हणता येते.