संवेदकाविना रोटरचे स्थान ओळखणे : मंद गतीतील पेच

कायमचुंबकी समकालिक मोटरमधील रोटर, म्हणजे फिरणारा भाग, कोणत्या कोनात आहे हे वेगळा संवेदक न बसवता केवळ विद्युतप्रवाह आणि विद्युतदाब यांवरून ठरविण्याच्या पद्धतीस संवेदकविरहित स्थान-अनुमान म्हणतात. विजेवरील दुचाकी, कमी वीज घेणारे छताचे पंखे, धुलाईयंत्रे व वातानुकूलकांचे कॉम्प्रेसर यांत अशा मोटरी वापरल्या जातात.

मोटरला पूर्ण जोर मिळण्यासाठी वेटोळ्यांतील प्रवाह रोटरवरील चुंबकाच्या दिशेशी योग्य कोन साधून द्यावा लागतो. हा अंदाज 60 विद्युत अंशांनी चुकल्यास जोर साधारण निम्मा होतो. 90 अंशांहून अधिक चुकल्यास तो उलट दिशेने लागतो. हॉल संवेदक किंवा एन्कोडर ही माहिती थेट पुरवतात. मात्र त्यांमुळे खर्च व तारा वाढतात आणि उष्णता, दमटपणा व कंपनांमुळे बिघाडाची शक्यताही वाढते.

मोटर वेगात असताना संवेदकाची उणीव सहज भरून निघते. फिरणारे चुंबक वेटोळ्यांत बॅक-ईएमएफ हा विरोधी दाब निर्माण करते व त्यावरून कोन काढता येतो. परंतु हा दाब वेगाच्या प्रमाणात असतो. मिनिटाला 3000 फेऱ्यांवर तो 100 व्होल्ट असेल, तर 30 फेऱ्यांवर केवळ 1 व्होल्ट उरतो आणि मोटर थांबलेली असताना शून्य होतो. इन्व्हर्टरमधील त्रुटी या क्षीण संकेतास झाकोळून टाकतात. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे 0.4 टक्के वाढतो. मोटर 50 अंशांनी तापल्यास गणितातील रोध सुमारे 20 टक्क्यांनी चुकतो.

यावरचा सोपा उपाय म्हणजे आंधळी सुरुवात. प्रथम ठरावीक प्रवाह देऊन रोटर एका जागी आणला जातो, मग प्रवाहाची वारंवारता हळूहळू वाढवली जाते आणि पुरेसा वेग आल्यावर बॅक-ईएमएफवर आधारित नियंत्रण सुरू होते. पंख्यावर आरंभी भार अल्प असल्याने हे पुरते. घाटाच्या चढावर थांबलेल्या दुचाकीला मात्र पहिल्याच क्षणी पूर्ण जोर हवा असतो. तेथे क्षणभर मागे जाणेही धोक्याचे ठरते.

अशा ठिकाणी रोटरच्या चुंबकीय असमानतेचा आधार घेतला जातो. चुंबके लोखंडात पुरलेली असल्यास वेटोळ्यांचे प्रवर्तकत्व, म्हणजे इंडक्टन्स, रोटरच्या कोनानुसार बदलते. काही शे ते काही हजार हर्ट्झचा लहानसा दाब सोडून प्रवाहाचा प्रतिसाद मोजला की थांबलेल्या रोटरचाही कोन कळतो. व्हिएन्ना येथे मानफ्रेड श्रोडल यांनी 1980च्या दशकाच्या उत्तरार्धात विकसित केलेली ‘इन्फॉर्म’ ही या तत्त्वावरील आरंभीची पद्धत होय.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. असमानता दर 180 विद्युत अंशांनी पुन्हा येत असल्याने उत्तर व दक्षिण ध्रुव वेगळे कळत नाहीत. त्यासाठी उलटसुलट प्रवाहाचे स्पंद देऊन कोणत्या दिशेने लोखंड आधी चुंबकीय संपृक्त होते हे पाहावे लागते. पृष्ठभागावर चुंबके असलेल्या मोटरींत असमानता फार कमी असते. जास्त भाराखाली संपृक्ततेमुळे अंदाज सरकतो. मोटर बारीक शिट्टीसारखा आवाजही करते. म्हणून अनेक नियंत्रक मंद गतीत ही पद्धत आणि वेग वाढल्यावर बॅक-ईएमएफ वापरतात. जेथे एका चुकीने अपघात होऊ शकतो, तेथे संवेदक ठेवणेच अभियंते पसंत करतात.