पुण्यातल्या दोन पेशीवंशांची कुळकथा

 १९४९मध्ये पीएच.डी. मिळवल्यावर डॉ. कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या आणि शरीराबाहेर पेशी जगवण्याचं कसब शिकून आल्या. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. मेंदूच्या कर्करोगाचं एक मूळ पुढे पुण्यात सापडलं, ते याच कसबामुळे.

राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातल्या डॉ. अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी एका प्रौढ रुग्णाच्या मेंदूतल्या ग्लायोमा या कर्करोगाच्या गाठीतून पेशी वाढवल्या. २००३मध्ये त्यांनी दोन पेशीवंश जाहीर केले. एचएनजीसी-१ संथ वाढणारा, शेजारची पेशी लागली की थांबणारा, निरुपद्रवी. एचएनजीसी-२ मात्र झपाट्याने वाढणारा, आजूबाजूला घुसणारा, गाठ उत्पन्न करणारा. गाठ एकच, स्वभाव दोन!

२००४मध्ये टोरांटोच्या पीटर डर्क्स यांच्या गटाने दाखवलं, की पृष्ठभागावर सीडी१३३ हे प्रथिन असलेल्या अवघ्या १०० पेशी उंदराच्या मेंदूत नवी गाठ उभी करतात. ते नसलेल्या १,००,००० पेशींनाही हे जमत नाही. गाठीची मूळपेशी अशी ओळखता येऊ लागली. पण ती मुळात येते कुठून?

पुण्याच्या गटाचं २००७मधलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. एचएनजीसी-१ म्हणजे सीडी१३३ असलेल्या, कर्करोग नसलेल्या मूळपेशी. विभाजन होत होत त्या थकल्या, त्यांच्या गुणसूत्रांची घडी विस्कटली आणि त्या गोंधळातून एक न मरणारी शाखा आपोआप निघाली. तीच एचएनजीसी-२. बाहेरून कोणतंही कर्कजनुक घातलेलं नव्हतं. निरुपद्रवी पूर्वज आणि घातक वंशज शेजारी ठेवून तपासण्याची अशी संधी क्वचितच मिळते.

तपासात नॉच हे प्रथिन आणि त्याच्या हुकमात चालणारं हेस, दोन्ही पूर्वजातही जागी सापडली. वंशजात त्यांचं प्रमाण खूप वाढलेलं होतं. मूळपेशीला स्वतःसारखीच पेशी घडवायला लागणारी ही यंत्रणा कर्करोगाने नव्याने निर्माण केलेली नाही, आहे तीच अतोनात वापरली आहे. म्हणूनच नॉच सरसकट बंद करणं अवघड जातं: आतड्याच्या अस्तराच्या मूळपेशीही त्यावर अवलंबून असतात, आणि नॉच रोखणाऱ्या औषधांनी रुग्णांना जुलाबांचा त्रास होतो.